वरात संपली... घोडी कुठे गेली?

लग्नात अर्धा तास, हिल स्टेशनवर वीस मिनिटं. घोड्याशी आपलं नातं साधारण एवढंच. पण चालीसाठी लाखांत विकलं जाणारं हे जनावर लंगडं झालं, म्हातारं झालं की त्याचं काय होतं? आणि त्याला तिथून सोडवून पुन्हा उभं करणं म्हणजे नेमकं काय काय करणं?

नाशिकमध्ये लग्नाचा सीझन सुरू झालाय हे कॅलेंडर बघून कळत नाही, ट्रॅफिक बघून कळतं! संध्याकाळी सातला ऑफिस सुटावं, गंगापूर रोडने निवांत घरी जावं म्हणावं, तर पुढे एखादं लॉन, लॉनच्या पुढे डीजे, डीजेच्या पुढे शंभर नाचणारे आणि त्या सगळ्यांच्या मागे उंच फेटा बांधलेला नवरदेव. खाली एक पांढरीशुभ्र घोडी. गळ्यात घुंगरू, पाठीवर जरीची झूल, डोळ्यांच्या बाजूला झापडं. आपण हॉर्न वाजवतो, वैतागतो, मनात आलं तर एक फोटो काढतो आणि पुढे जातो.

त्या घोडीकडे कोणी बघितलंय? म्हणजे नीट, झूल बाजूला करून?

बघायला हवं. तिच्याकडे बघण्याची तुमची-माझी तेवढीच वेळ असते. नवरदेव उतरतो, फोटोग्राफर आत पळतो, घोडेवाला पैसे मोजून घेतो आणि घोडी दुसऱ्या वरातीला निघते. लग्नसराई संपली की ती कुठे जाते, हा प्रश्न कोणाच्याच लिस्टवर नसतो.

चाल म्हणजे काय रे भाऊ?

आधी थोडं बेसिक. घोडा चालतो, दुडकतो आणि चौखूर उधळतो हे आपल्याला माहीत असतं. दुडक्या चालीत पुढचा डावा आणि मागचा उजवा असे तिरपे पाय जोडीने पडतात, म्हणून वर बसलेला माणूस टुणटुण उडतो. काही घोड्यांकडे मात्र याशिवाय आणखी एक चाल असते. आपल्याकडे तिला रवाल किंवा रेवाल म्हणतात. हिच्यात एकाच बाजूचे पाय जवळजवळ जोडीने पुढे पडतात. पाठ हलत नाही, स्वार उडत नाही. जाणकार सांगतात की चांगला रवाल घोडा असेल तर हातातल्या पेल्यातलं पाणी सांडत नाही. मैलोन्मैल घोड्यावरून जाणाऱ्यांच्या काळात ही चाल म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर लक्झरी सस्पेन्शन!

कानांची टोकं आत वळलेली मारवाडी आणि काठियावाडी घोडी या चालीसाठी प्रसिद्ध. जगात इतरत्रही असे घोडे आहेत, आइसलँडचे आहेत, अमेरिकेतले टेनेसी वॉकर आहेत. २०१२ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की अशा अनेक जातींमध्ये ही जादा चाल डीएमआरटी-३ नावाच्या जनुकातल्या एका बदलाशी जोडलेली असते. म्हणजे ती बऱ्याच अंशी रक्तात असते, चाबकाने येत नाही.

पण बाजाराला एवढा धीर कुठला? चाल उठून दिसावी म्हणून कुठे डोकं वर ताणून बांधायचं, कुठे पायांना दोरी लावायची, कुठे तोंडात काटेरी लगाम. ही काही फक्त आपली बदनामी नव्हे. अमेरिकेत टेनेसी वॉकरने पाय उंच उचलावेत म्हणून त्यांच्या पुढच्या पायांना भाजणारी रसायनं चोळायचे. ते थांबवायला तिथे १९७० साली खास कायदा करावा लागला. चालीची किंमत जितकी जास्त, तितका त्या चालीपायी घोड्याचा छळ जास्त, हे गणित दोन्हीकडे सारखंच.

उतरती भाजणी

आता जरा खानदेशात जाऊ. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि त्याबरोबर राज्यातला सगळ्यात गाजणारा घोडेबाजार. मारवाडी, काठियावाडी, पंजाबचे पांढरे नुक्रा. कोणाची किंमत लाखात, कोणाची त्याच्याही पुढे. चेतक फेस्टिव्हलमुळे तर आता पर्यटकांचीही गर्दी असते. तिथले घोडे बघितले तर वाटेल, काय थाट आहे यांचा! खरारा केलेली चकचकीत कातडी, दिवसातून दोनदा चंदी, दिमतीला मोतद्दार.

हा झाला शिडीचा वरचा पायरीदगड. घोडा पंचवीस वर्षं जगतो, कधी तीसही. त्यातली स्पर्धेची आणि शोची वर्षं किती? फार तर आठ-दहा. पुढे पाय दुखावतो, दम कमी होतो, नाही तर नवं शिंगरू तयार होतं. मग हाच घोडा खाली उतरायला लागतो. आधी वरातीत. वरातीत पाय घसरायला लागला की टांग्याला किंवा मालाच्या गाडीला. तिथेही जमेना, की बाजारात.

बाजार आपल्या जिल्ह्यातही आहे. पैठणीचं येवलं घोड्यांसाठीही जुन्या काळापासून ओळखलं जातं. मंगळवारचा बाजार आणि दसऱ्याच्या सुमारास भरणारा मोठा घोडेबाजार. इथे दात बघून वय ठरतं, पाय बघून भाव ठरतो आणि अंगावरचे भोवरे बघून नशीब ठरतं! पंचकल्याणी घोडा शुभ, देवमण असेल तर आणखी शुभ. पण चुकीच्या जागी भोवरा किंवा गोम निघाली, की धडधाकट जनावराचाही भाव पडतो. ‘खरी गोम इथेच आहे’ असं आपण मीटिंगमध्ये सहज म्हणून जातो, ती ही घोड्याच्या अंगावरची गोम. असा ‘खोडी’चा घोडा कोणालाच फार दिवस नको असतो. तो विकत राहतो. प्रत्येक मालक आधीच्यापेक्षा थोडा गरीब, प्रत्येक काम आधीच्यापेक्षा थोडं जड.

मुळात घोड्यांना काम देणारी दुनियाच आक्रसत चालली आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे आणि तट्टं होती. २०१९ च्या गणनेत ती ३.४ लाखांवर आली. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून जास्त घट. नाशिक रोड स्टेशनवरून टांग्याने गावात यायचे दिवस आई-बाबांच्या गप्पांत उरलेत. टांगा गेला याचं वाईट वाटतंच, पण टांग्याबरोबर घोड्याचा रोजचा हरभराही गेला, हे लक्षात येत नाही.

२०२० च्या लॉकडाऊनने तर हे सगळं उघडं पाडलं. लग्नं थांबली, पर्यटन थांबलं. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे साडेचारशेच्या वर घोडे पर्यटकांवर जगतात, तिथे चाऱ्यासाठी मदत गोळा करावी लागली. बाईक गॅरेजमध्ये उभी राहिली तर फक्त बॅटरी उतरते. घोडा उभा राहिला तरी त्याला रोज सहा-सात किलो सुका चारा लागतो आणि पंचवीस-तीस लिटर पाणी. कमाई असो वा नसो.

सुटका एका दिवसाची

आपल्या पिढीचं एक बरं आहे. रस्त्यात जखमी जनावर दिसलं तर आपण तोंड फिरवून जात नाही. फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, फोन फिरवतो. छानच आहे. पण कुत्र्याचं पिल्लू आणि साडेतीनशे किलोचा घोडा यात फरक आहे. घोडा सोडवला, आता ठेवायचा कुठे?

हा प्रश्न किती अवघड असतो ते नाशिकने स्वतः बघितलंय, फक्त घोड्यांच्या नव्हे तर उंटांच्या बाबतीत. मे २०२३ मध्ये शंभरहून जास्त उंटांचे तांडे नाशिक जिल्ह्यात चालत आले. ते कत्तलीसाठी नेले जात असल्याचा संशय प्राणिमित्रांना आला, आवाज उठला आणि प्रशासनाने उंट ताब्यात घेऊन चुंचाळ्याच्या पांजरपोळात ठेवले. बातमी गाजली. पण खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. लांबच्या चालीने थकलेले प्राणी, परकं हवामान, परका चारा. काही उंट दगावले. उंटांची भाषा कळणारी माणसं नाशिकमध्ये कुठून असणार? शेवटी राजस्थानातून रायका समाजाचे परंपरागत उंटपाळ आले आणि त्यांच्या सोबतीने तांडा पायी-पायी परत निघाला.

त्या महिन्यात नाशिकने जे शिकलं ते घोड्यांनाही तंतोतंत लागू आहे. जनावर सोडवायला एक दिवस, एक टेम्पो आणि दहा उत्साही माणसं पुरतात. पुढच्या दिवसापासून लागतो तो जाणकार हात, जागा आणि चिकाटी.

कायद्याचीही एक गंमत आहे, म्हणजे हसू न येणारी. जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा आपला मुख्य कायदा १९६० चा. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! आज कॉलेज रोडवर तेवढ्यात धड कॉफीही मिळत नाही. शिवाय पोलिसांनी जप्त केलेला घोडा कागदोपत्री ‘मुद्देमाल’ असतो. २०१७ च्या नियमांमुळे खटला चालू असताना जनावर मालकाकडे न ठेवता पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवता येतं आणि खर्च मालकाकडून वसूल करता येतो. मात्र निकाल लागेपर्यंत ते कोणाला कायमचं देता येत नाही. तोवर संस्थेच्या अंगणात त्याचं जेवण-खाणं, औषधपाणी चालू.

उपाशी घोड्याला हरभरा नको!

समजा, घोडा आला. बरगड्या मोजता येतायत, कंबरेची हाडं वर आलीयेत, मान खाली. कोणालाही वाटेल, आधी पोटभर खाऊ घालू. हरभरा द्या, गूळ द्या, पोळ्या द्या! आणि नेमकं हेच करायचं नसतं.

फार दिवस उपाशी राहिलेलं शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू जाळून चालत असतं. त्यात एकदम भरपूर धान्य गेलं की रक्तात इन्सुलिन वाढतं, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदय, श्वास कोलमडू शकतात. घोडा उपासाने मरत नाही, जेवणाने मरतो. तेही सोडवून आणल्यावर तीन-चार दिवसांनी, जेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो.

यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी अभ्यास केला. त्यांचं उत्तर एकदम साधं आणि आपल्या ओळखीचं निघालं, ते म्हणजे लसूणघास. हो, आपल्याकडे नाशिक-नगर पट्ट्यात शेताच्या कडेला दिसतो तोच घास! त्यात पिष्ट कमी, प्रथिनं आणि मॅग्नेशियम चांगलं. सुरुवातीला दर चार तासांनी जेमतेम अर्धा किलो वाळलेला घास, रात्रीसुद्धा. मग हळूहळू प्रमाण वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या. साधारण दहाव्या दिवसापासून हवं तेवढं खाऊ द्यायचं. हे सगळं अर्थातच पशुवैद्याच्या देखरेखीखाली. मूळ वजन परत यायला सहा ते दहा महिने लागू शकतात. वीकेण्डला जाऊन फोटो काढण्याएवढ्या वेळात हे काम होत नाही, रात्री दोनचा अलार्म लावणारं माणूस लागतं.

घोडा किती खंगलाय हे डोळ्यांच्या अंदाजाने न ठरवता मोजायची एक पद्धत आहे. अमेरिकेतल्या हेनेके या संशोधकाने १९८३ मध्ये ती मांडली. मान, खांदा, बरगड्या, पाठ, शेपटीची मुळी हाताने चाचपायची आणि १ ते ९ पैकी गुण द्यायचे. १ म्हणजे नुसता सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ, ५ म्हणजे झकास. तब्येत झकास असेल तर बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. पुढच्या वेळी वरातीत घोडा दिसला तर मनातल्या मनात गुण देऊन बघा.

पोटानंतर पाय. घोड्याचं खूर नखासारखं वाढत राहतं, दर सहा ते आठ आठवड्यांनी ते कापावं लागतं. डांबरी रस्त्यावर राबलेल्या घोड्याचे नाल झिजलेले, खूर तडकलेले. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात ओल्या जागी उभं राहून खूर सडतात ते वेगळंच. चांगला नालबंद आता शोधूनही सापडत नाही, कारण टांगे गेले तसे नालबंदही गेले. मग दात. दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला जखमा करतात, त्या घासून घ्याव्या लागतात. आणि मग तोंडातल्या, जिभेवरच्या जुन्या जखमा. काटेरी लगामाच्या.

शेवटी मन. रवाल चालीच्या घोड्याला आयुष्यभर शिकवलेलं असतं की माणूस पाठीवर बसला म्हणजे डोकं वर आणि पाय झपाझप. अशा घोड्याला साधं, मान खाली सोडून निवांत चालायला शिकवावं लागतं. आधी बिनखोगिराचं, बिनलगामाचं, नुसतं हातात दोरी धरून शेजारून चालायचं. काही घोडे आठवड्यात विश्वास टाकतात, काहींना माणसाने हात वर केला तरी कित्येक महिने दचकायला होतं. घोडा कळपातला प्राणी आहे. दुसरा घोडा, निदान एखादं गाढव सोबत असेल तर तो लवकर सावरतो. अगाडी-पिछाडी सोडली, मोकळं फिरू दिलं, की एक दिवस तो मातीत लोळतो, पाय झाडतो, फुरफुरतो. तो दिवस म्हणजे खरी पहिली बरी बातमी.

नवं घर, जुनी भीती

आता सगळ्यात नाजूक भाग. घोडा बरा झाला, तब्येत सुधारली, चालही परत आली. अरे वा! पण इथेच धोका. सुदृढ, रवाल चालीचा घोडा म्हणजे पुन्हा बाजारात किंमत असलेला घोडा. ‘आम्ही सांभाळतो’ म्हणून नेलेलं जनावर पुढच्या सीझनला वरातीत दिसलं तर सगळं पाण्यात. म्हणून चांगल्या संस्था घोडा दान करत नाहीत, सांभाळायला देतात. कागद करून. विकायचा नाही, वरातीला-शर्यतीला लावायचा नाही, पैदाशीला वापरायचा नाही, आम्ही कधीही बघायला येऊ आणि जमलं नाही तर परत आम्हालाच द्यायचा. आपल्याकडे नर बहुतेकदा खच्ची केलेले नसतात, म्हणून नराला घर मिळणं आणखी कठीण.

त्याआधी तपासण्या. ग्लँडर्स नावाचा एक जिवाणूजन्य रोग घोड्यांना होतो आणि माणसालाही होऊ शकतो. देशात तो २००६ मध्ये पुन्हा डोकं वर काढून आला तो आपल्या महाराष्ट्रातच. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या देखरेखीत तपासले जातात. घोडा बाधित निघाला तर उपचार नाहीत, कायद्याने त्याला दयामरण द्यावं लागतं. म्हणून नवीन घोडा थेट इतरांत न मिसळता आधी वेगळा ठेवायचा, रिपोर्ट आला की मगच पुढचं. प्रेमाच्या भरात हा नियम मोडला तर एकाला वाचवताना दहा जातात.

आणि जे कधीच बरे होणार नाहीत त्यांचं काय? याचं उत्तर जवळजवळ शंभर वर्षं जुनं आहे. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक नावाची इंग्रज बाई कैरोला गेली. पहिल्या महायुद्धात लढलेले ब्रिटिश फौजेचे घोडे युद्धानंतर तिथेच विकून टाकले होते. बारा वर्षांनी ते रस्त्यावर गाड्या ओढताना तिला दिसले, हाडांचे सापळे झालेले. तिने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले आणि तिने काही वर्षांत पाच हजार घोडे विकत घेतले. त्यातल्या बहुतेकांना घरी नेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिने त्यांना काही दिवस चांगलं खायला-प्यायला दिलं, विश्रांती दिली आणि मग शांतपणे मरू दिलं. कोणाला हे कठोर वाटेल. पण मोडलेल्या पायावर आणखी पाच वर्षं उभं ठेवणं हे प्रेम नव्हे, आपली हौस असते.

१९३४ मध्ये तिने कैरोत घोड्यांचा दवाखाना काढला. आज तिच्या नावाची ‘ब्रुक’ ही संस्था भारतातही काम करते. पण तिचा मुख्य भर घोडे हिसकावून आणण्यावर नाही, घोडेवाल्याला शिकवण्यावर आहे. का, ते पुढे बघू.

मालक व्हिलन असतो का?

घोडेवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्याचं घर त्या घोड्यावरच चालतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया आठवतात? मरीन ड्राइव्हवरच्या चंदेरी बग्ग्या. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. तबेल्यांना परवाने नव्हते, घोड्यांचे हाल होत होते. निर्णय घोड्यांसाठी योग्यच होता. पण त्याबरोबर प्रश्न आला, या माणसांचं काय? सरकारने बग्गीवाल्यांसाठी एकरकमी भरपाई किंवा फेरीवाला परवाना असा पर्याय पुढे केला. २०२१ मध्ये दक्षिण मुंबईत बॅटरीवर चालणाऱ्या, तशाच दिसणाऱ्या गाड्याही आल्या. माणसाला दुसरं काम मिळालं तरच तो घोडा खऱ्या अर्थाने सोडतो. नाही तर एक घोडा जप्त झाला की तो बाजारातून दुसरा आणतो, आधीच्याहून स्वस्त, आधीच्याहून थकलेला.

हीच दिशा सांगलीतून काम करणाऱ्या ‘ॲनिमल राहत’ या संस्थेनेही धरली आहे. राबणाऱ्या बैलांवर, घोड्यांवर, गाढवांवर जागेवर जाऊन उपचार करायचे, मालकाला सांभाळण्याच्या चांगल्या पद्धती शिकवायच्या आणि थकलेल्या जनावरांना निवृत्तीनंतर राहायला जागा द्यायची. जनावरांची निवृत्ती! माणसांना पेन्शन मिळायची मारामार असताना हा शब्द आधी विचित्र वाटतो. पण वीस वर्षं राबलेल्या जिवाला पाच वर्षं सावलीत उभं राहता यावं, यात विचित्र काय आहे?

आणि आपल्या मराठी मनाला हे परकं तर मुळीच नाही. आपण दसऱ्याला घोड्याची पूजा करतो. वारीत रिंगण झालं की माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावतो. पूर्वी घोड्याच्या वैद्याला सालोत्री असा खास शब्द आपल्या भाषेत होता. भीमथडीच्या तट्टांचा अभिमान आपल्या बोलण्यात अजून आहे, आणि त्या भीमथडी घोड्याची आता देशातली स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. पूजा आहे, अभिमान आहे. हिशेब फक्त म्हातारपणाचा लागत नाही.

मग आपण काय करायचं?

नोकरी, ईएमआय आणि टू बीएचके सांभाळणाऱ्यांनी घोडा दत्तक घ्यावा, असं कोणीच म्हणत नाहीये! पण एवढं नक्की जमेल:

• लग्न तुमचं असेल तर घोड्याविना वरात काढा. विंटेज कार आहे, सजवलेली जीप आहे, नाही तर सरळ चालत नाचत जा. घोडा हवाच असेल तर निदान डीजे आणि फटाके त्याच्यापासून लांब ठेवा. त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतात.

• ‘नाचरा घोडा’ बुक करू नका. काटेरी लगाम आणि टोकदार काठी वापरणं १९६५ च्या नियमांनी बंद आहे. लगामाच्या कडेला रक्त किंवा फेसात लाली दिसली तर समजून जा.

• टांग्यात बसलात तर लक्षात ठेवा. गाडीवान आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून फक्त चार माणसं. घोडा दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. नाशिकचा एप्रिल-मे आठवा!

• हिल स्टेशनवर घोड्यावर बसण्याआधी स्वतःचं वजन आठवा. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंतच ओझं वाहावं असा संकेत आहे. छोट्या तट्टावर भरल्या अंगाचा माणूस म्हणजे अन्यायच. लंगडणारा, पाठीवर जखम असलेला घोडा नाकारा आणि का नाकारला ते घोडेवाल्याला शांतपणे सांगा. गिऱ्हाईक जे बोलतं ते त्याला लगेच कळतं.

• घोड्याला पेढे, ब्रेड, उरलेल्या पोळ्या खाऊ घालू नका. घोड्याला उलटी होत नाही. चुकीचं खाल्लं की पोटशूळ आणि तो जिवावर बेतू शकतो.

• जखमी, पडलेला घोडा दिसला तर आधी गर्दी हटवा, सावली आणि पाणी द्या, खायला काही देऊ नका. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२, मारहाण किंवा छळ चालू असेल तर ११२. फोटोत जागा आणि वेळ येईल असं बघा, तक्रारीला तो पुरावा लागतो.

• पैसे द्यायचे असतील तर एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडे द्या. संस्थांना सुटकेच्या दिवशी मदत भरपूर मिळते. अडचण येते ती दोनशेव्या दिवशी, जेव्हा घोडा कोणाच्याच फीडवर नसतो पण घास रोज लागतो.

२०२६-२७ चा कुंभमेळा नाशिकच्या दारात आहे. मिरवणुका निघतील, घोडे सजतील, लाखो डोळे त्यांच्यावर असतील. लग्नाचे मुहूर्त तर दरवर्षीचेच. यातला एकही घोडा स्वतःच्या हौसेने येत नाही, आपल्या हौसेसाठी येतो. हौसेची किंमत अर्ध्या तासाच्या भाड्यात फिटत नाही, ती त्याच्या पंचवीस वर्षांत पसरलेली असते. बुकिंग करताना भाडं विचारतो, तसं एक वाक्य आणखी विचारायला काय हरकत आहे: ‘भाऊ, ही म्हातारी झाली की कुठे ठेवणार?’ दहा जणांनी विचारलं तर घोडेवाला हसेल. शंभर जणांनी विचारलं, तर त्याला उत्तर शोधावं लागेल.